शनिवारचं हिरवं-निळं भांडण

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकूंचा फोन आला, की यंदा नोकरीच्या गोष्टी असा विभाग करतोय, सगळे लेख रिटायर्ड लोकांचे आलेत, एक तरी तरुण पाहिजे, तू लिही. मी म्हटलं काकू, मी सव्वीसची आहे आणि माझी नोकरी चार वर्षांची. त्या म्हणाल्या, मग चार वर्षांत काहीच घडलं नाही का? घडलंय ना. म्हणून लिहितेय. फोनवरच टाइप करतेय आणि मी खूप फास्ट करते, वेलांट्या त्या बघून घेतील.

तर मी बिट्टन मार्केटमध्ये गेमिंग कन्सोल दुरुस्त करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डब्बा, ज्यावर गेम खेळतात. औषधाच्या दुकानाच्या वर, जिना चढून आलं की पंकज भैयाचं दुकान. लोक येतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "इंजिनियर साहब कहाँ हैं?" मी म्हणते, "मैं ही हूँ." मग म्हणतात, "नहीं नहीं, जो खोलते हैं, वो." आता मी उत्तर देत नाही, सरळ स्क्रू काढायला घेते.

डब्बे मुख्य दोन कंपन्यांचे. दुकानात कंपनीचं नाव कोणी घेत नाही, एक निळा आणि एक हिरवा, त्यांच्या खोक्यांच्या रंगावरून. आणि आमच्याकडे येणारी माणसं ही एक तर निळी असतात नाही तर हिरवी. यात गंमत नाही. एक मुलगा दर वेळी डब्बा आईच्या शालीत गुंडाळून आणायचा, मला वाटलं धुळीसाठी, तर नाही, खाली त्याचे निळे दोस्त चहा पीत उभे असतात, त्यांना दिसू नये की याने हिरवा घेतला. दोन भावांनी घरातल्या टीव्हीच्या टेबलावर मधोमध टेप लावली होती, डब्बे आपापल्या हद्दीत. त्यांची आई मला विचारायला आली की बेटा, दोघांत चांगला कुठला ते तू सांग, म्हणजे मी दुसरा फेकते.

मी सांगितलं नाही. सांगायचं नसतं. पंकज भैयाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अपन डॉक्टर हैं, पार्टी नहीं. तेरा जो भी रंग है, नीचे छोड़ के ऊपर आया कर." कारण एकदा का गिऱ्हाइकाला कळलं की तू समोरच्या बाजूची आहेस, मग तू कितीही नीट सोल्डर कर, त्याला वाटतं मुद्दाम बिघडवलं.

तर चार वर्षं मी रंग खाली सोडून वर जात होते. आज इथे लिहून टाकते, मी हिरवी. आठवीपासून. मी आणि माझी मैत्रीण साक्षी, आम्ही दोघींनी एकाच सुट्टीत आपापल्या बाबांच्या मागे लागून हिरवा मिळवला होता. आता साक्षी पुण्यात आहे आणि तिच्या रूममेट्सकडे निळा होता म्हणून तिने निळा घेतला. तिला दोष देत नाही. पण आमचा जो रॅलीचा गेम होता तो हिरव्याचा हिरव्याशीच जोडला जातो, निळ्याचा निळ्याशी. मग बोलणं पण कमी झालं, कारण आम्ही बोलायचो ते खेळता खेळता, वेगळा फोन करून काय बोलणार, "जेवलीस का"? आईबाबा दोन वर्षांपूर्वी दादाकडे नागपूरला गेले. मी अरेरा कॉलनीत एका घराच्या वरच्या खोलीत राहते. माझ्या डब्ब्यात मित्रांची यादी आहे, एकतीस नावं, सगळी करडी. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं, शेवटचे कधी आले होते. मी कधी कधी गेम लावत नाही, नुसती ती यादी वाचते. असो.

शनिवार.

दुरुस्त केलेला डब्बा लगेच द्यायचा नसतो. थंड असताना सगळेच डब्बे चालतात. खरा आजार गरम झाल्यावर कळतो, म्हणून दोन तास सलग जोरात चालवून तापवायचा, तेही खरा गेम खेळून. आठवडाभराचे डब्बे आम्ही शनिवारी दुपारी तापवतो. दोन टीव्ही, डावीकडे निळा, उजवीकडे हिरवा. आणि दोन तास बसून खेळायला भैयाकडे माणसं नाहीत, म्हणून हे काम दोन जुनी गिऱ्हाइकं आवडीने करायची.

निळ्या स्टुलावर इमरान भाई. न्यू मार्केटमध्ये चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात, पस्तीस-छत्तीसचे, घरात नऊ माणसं आणि एक टीव्ही, त्यामुळे स्वतःच्या घरी स्वतःचा डब्बा त्यांच्या वाट्याला सकाळी सहाला येतो.

हिरव्या स्टुलावर वानखेडे काका. वय चौसष्ट. सगळं आयुष्य बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आणि कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये. रिटायर झाल्यावर अयोध्या नगरात घर बांधलं, वानखेडे काकू तिथे एकच वर्ष राहिल्या आणि वारल्या. मुलगा बंगलोरला, त्याचा हिरवा डब्बा इथेच राहिला. काका मूळचे अमरावतीकडचे, मराठी एकदम तिकडची, आणि दुकानात माझ्याशी मराठीत बोलणारे ते एकटेच. आठवड्यात मी मराठी बोलते ती शनिवारी, आणि आईशी फोनवर.

त्यांचं भांडण असं असायचं. दोन्ही टीव्हीवर तोच रॅलीचा गेम, तोच डोंगराचा रस्ता, तीच गाडी. एकमेकांविरुद्ध खेळता येत नाही, म्हणून वेळ मोजायची. भिंतीवर पांढरा बोर्ड, दोन रकाने, एक निळ्या पेनाने, एक हिरव्या. सेकंदाच्या फरकावरून दोन तास.

काका डब्ब्यावर हात ठेवायचे, कान लावायचे. "ऐकून घे पोरी, याला म्हणतात बेअरिंग. चालू हाये का बंद, कळत नाही. आणि तिकडे बघ, आटाचक्की लावली यानं."

इमरान भाईंना मराठी येत नाही पण आटाचक्की कळतं. "अरे वानखेड़े, तुम्हारे डब्बे का पंखा चुप इसलिए है कि अंदर काम ही कुछ नहीं. चार तो गेम हैं खां तुम्हारे पास."

"चार हैं, पर पूरे हैं. तुम्हारे जैसे आधे पैसे में आधा गेम नहीं."

"हार रहे हो तो कंपनी बदल लो."

"मैं गेट बदलने वाला आदमी नहीं."

हे गेट बदलणं म्हणजे काय ते काकांनीच मला सांगितलं. कारखान्यात ते ज्या युनियनमध्ये होते ती तीस वर्षांत निवडणूक एकदाच जिंकली. दर वेळी लोक म्हणायचे, वानखेडे, त्या गेटवर उभे राहता ते सोडा, या गेटवर या, क्वार्टर चांगलं मिळेल. नाही गेले. "हरणाऱ्यांच्या गेटवर चहा चांगला असते," ते म्हणायचे. "माणसं कमी, तर कपात दूध जास्त."

आणि ते दर शनिवारी हातात भाजीची पिशवी घेऊन यायचे, कारण शनिवारी खाली हाट भरतो. काउंटरवर मेथी ठेवायची आणि सांगायचं, "भाजीला आलो होतो, म्हटलं चक्कर मारावी." माझ्या डोक्यात हे दीड वर्षानंतर आलं, की अयोध्या नगरहून बिट्टन मार्केट म्हणजे अख्खं शहर ओलांडून यायचं, दोन बस बदलून. भाजी त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर मिळते.

मला हे कळत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचा डब्बा गेला. उशीच्या अभ्र्यात घालून आणला. लाइट नाही, आवाज नाही. "बघ ना," म्हणाले, "काल रात्री नीट होता बिचारा." पेशंटबद्दल बोलतात तसं.

इथे थोडं कामाचं सांगते, कारण चूक इथेच आहे. मेलेल्या डब्ब्यात बहुतेक वेळा कुठे तरी शॉर्ट असतो. मीटर लावलं की शॉर्ट आहे एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही. मग बोर्डावर आयपीए लावायचं, पटकन उडणारं स्पिरिटसारखं असतं, आणि हळूहळू करंट सोडायचा. सगळा बोर्ड ओला, आणि जिथे शॉर्ट असतो ती जागा तापते, म्हणून तिथलं आधी वाळतं. खूप छान दिसतं ते. एक छोटासा कोरडा ठिपका उमटतो आणि तुम्हाला कळतं, हा.

त्या दिवशी मी मीटर लावलं, मुख्य चिपला वीज नेणाऱ्या लाइनवर कुठे तरी शॉर्ट दाखवला, आणि थांबले. आयपीए लावलंच नाही. म्हटलं चिप गेली. चिप गेली म्हणजे डब्बा गेला. मला घाई नव्हती, त्या दिवशी बाकी काही कामही नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं, बरंच झालं. आता काका निळा घेतील. दोघं एका बाजूला येतील, रोज सकाळी सहाला घरून जोडून खेळतील, काकांना बोलायला कोणी असेल. शनिवारची वाट बघायला नको. माझं आणि साक्षीचं जे झालं नाही ते यांचं होईल. मी एवढा सगळा विचार वीस मिनिटांत केला आणि बाहेर येऊन म्हटलं, "काका, चिप गेली. आता एक्सचेंजमध्ये निळा घेऊन टाका. इमरान भाईंशी घरून खेळता येईल."

काकांनी डब्बा परत त्या उशीच्या अभ्र्यात सरकवला. "तू म्हणतेस तर गेलीच असेल," म्हणाले.

इमरान भाई एवढे खूश, खाली जाऊन समोसे घेऊन आले. "मुबारक हो वानखेड़े, इधर आ गए." काका हसले. भिंतीवरच्या बोर्डावरचा हिरवा रकाना मीच पुसला.

पुढच्या शनिवारी दोघंही आले नाहीत. मला आनंद झाला. म्हटलं घरी खेळत असतील. खेळत होतेच, मी फोन केला तर काका म्हणाले, "हौ, काल तासभर होतो." त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी आणि भैया आळीपाळीने डब्बे तापवत होतो. तिसऱ्या आठवड्यात काका आले, मेथी न घेता, आणि उजवीकडच्या स्टुलावर बसले. मग उठले आणि डावीकडच्या बसले. खेळले नाहीत.

"इमरान भाई कसे आहेत?" मी विचारलं.

"चांगला माणूस आहे." मग थोड्या वेळाने, "थांबून राहते तो माझ्यासाठी."

"म्हणजे?"

"रेसमध्ये. निळ्याचा रिमोट माझ्या हातात बसत नाही अजून, मी मागं पडतो. तर तो वळणावर गाडी उभी करून ठेवते. म्हणते, अंकल, आराम से आइए." काकांनी माझ्याकडे बघितलं. "अंकल म्हणते आता."

दीड वर्ष तो माणूस त्यांना अरे वानखेड़े म्हणत होता, तुम म्हणत होता, वयाचा काही हिशोब नव्हता. दोस्त झाल्यावर ते अंकल झाले.

त्यानंतर काका दोन महिने आले नाहीत. इमरान भाई एकदा येऊन गेले, त्यांचा कंट्रोलर, म्हणजे हातातला रिमोट, अडकत होता. मी म्हटलं काका कसे आहेत, तर म्हणाले, "अब कम आते हैं ऑनलाइन. तबीयत होगी." मग बोर्डाकडे बघितलं, जिथे नुसता एकच रकाना होता. "मज़ा नहीं रहा यार, सच्ची. सामने कोई हो तो." तेही परत आले नाहीत.

शनिवारी दुपारी दुकानात इतकी शांतता असायची की खाली हाटातला भाव ऐकू यायचा.

मग एका गिऱ्हाइकाच्या हिरव्या डब्ब्याला पंखा हवा होता. भैया म्हणाला, "वानखेड़े जी वाला पड़ा है ना, उसमें से निकाल ले." रॅकच्या वरून काढला, अजून अभ्र्यातच होता. पंखा काढला. खरंच, काय बेअरिंग होतं, बोटाने फिरवला तर थांबेचना. आणि तो बोर्ड माझ्यासमोर होता, आणि आयपीएची बाटली पण समोरच होती. मी नको नको म्हणत लावलं. करंट सोडला.

चिपजवळ नाही. चिपपासून दोन बोटं लांब, तिळाएवढा एक कपॅसिटर, त्याच्या भोवती ठिपका कोरडा झाला. तसले बोर्डावर बरेच असतात, एक नसला तरी चालतं, म्हणून मी तो चिमट्याने उचलून काढला, पंखा परत बसवला, डब्बा जोडला. टण् असा आवाज आला आणि लाइट लागला.

मी खाली जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ. पाच मिनिटांचं काम होतं.

दुरुस्तीनंतर एक टेस्ट असते, डब्बा नेटला जोडून दुसऱ्या आयडीला मेसेज जातो का बघायचं. मी नेहमी माझीच आयडी वापरते, गिलहरी नाइन्टी नाइन, आठवीत ठेवलेलं नाव, त्यात माझं नाव नाही. मेसेज गेला. त्यामुळे काकांच्या यादीत गिलहरी जोडली गेली आणि काढायची राहिली.

मग फोन केला.

"काका, तुमचा हिरवा चालू झाला."

"चिप गेली होती ना?"

"नव्हती गेली. माझ्याकडून..." आणि इथे मी घाबरले. "एक पार्ट मिळाला."

"असू दे. आता काय करू त्याचं. मी बदललो ना गेट. एकदा बदललं की परत कोण उभं करते."

"काका, तुमचाच आहे तो."

"पोरी, दे कोणाला तरी. खरंच दे." आवाज असा होता की बाजूला टीव्ही पण चालू नसेल. "ठेवू?"

त्यांनी ठेवलाच असता. मला समोर भिंतीवरचा तो बोर्ड दिसत होता, अर्धा पुसलेला, आणि मी काय बोलतेय ते मला पण बोलून झाल्यावर कळलं. म्हटलं, "बरं. तसंही काका, खरं सांगू का, हिरवा म्हणजे काय, पंखा शांत कारण आत काम काही नाही. चार तर गेम आहेत."



"कोण म्हणते?"

"मी म्हणते. मी पहिल्यापासून निळीच आहे. भैयाने बोलू दिलं नाही म्हणून."

"तू?" आणि मग आवाज चढला, दोन महिन्यांनी. "तू चार वर्षं डब्बे उघडून राहिली, तुला बेअरिंग कळत नाही? अन् चार गेम कोणते, मोजून दाखव. त्या आटाचक्कीत काय आहे, सांग. अरे हॅट. फोनवर नाही, शनिवारी येतो, तोंडावर बोल."

शनिवारी आले. काउंटरवर मेथी आदळली. मी डावीकडच्या निळ्या स्टुलावर बसले होते. भैयाने मला बघितलं, काकांना बघितलं, आणि खाली चहा सांगायला गेला. हिरवा रकाना काकांनी स्वतः काढला. मी दीड सेकंदाने हरले, आणि मुद्दाम नाही हां, निळ्याचा कंट्रोलर माझ्याही हातात बसत नाही.

"तरी म्हटलं ही पोरगी बोलत का नाही," काका आपला हिरवा डब्बा काखेत घेऊन जिना उतरताना म्हणाले. "निळी निघाली. ठीक आहे. बघून घेतो."

आयुष्यात पहिल्यांदा उघड बाजू घेतली, तीही जी माझी नाही ती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खोलीत एकटी, दुपारी डब्बा लावला, यादी उघडली. एकतीस करडी नावं आणि खाली बत्तिसावं, काकांचं, हिरवं. पेटलेलं. मी बघत राहिले. तेवढ्यात मेसेज आला, हिंदीत, हळूहळू टाइप केलेला असणार.

"गिलहरी जी नमस्कार. आप कौन हो पता नहीं, पर हरे वाले हो. हमारे दुकान में एक नीली लड़की है, बहुत बोलती है. शनिवार को उसको हराना है. प्रैक्टिस कराओगे क्या?"

मी माइक बंद केला, कारण माझा आवाज ते लगेच ओळखतील, आणि हो दाबलं.

तेव्हापासून आम्ही जवळजवळ रोज संध्याकाळी खेळतो. मी वळणावर कधीच थांबत नाही. काका पूर्ण वेळ बोलतात, टर्बाइनबद्दल, काकूंच्या हातच्या वांग्याच्या भाजीबद्दल, मुलाचा फोन आला नाही त्याबद्दल, त्या नीली लड़कीबद्दल तर खूपच. "गिलहरी जी, लड़की अच्छी है, पर अकेली रहती है, दिमाग़ फिर गया है इसलिए नीली हो गई." मग विचारतात, "सुन रहे हो ना?" मी हॉर्न दोनदा वाजवते. एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो, हे आमचं आपोआप ठरलं.

आता अडचण अशी आहे की काका मंडळाचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. मी हे लिहायला घेतलं तेव्हापासून मला माहीत आहे. तोंडावर मला सांगता आलं नाही, आणि माइकवर तर येतच नाही.

काका, चिप गेली नव्हती. मी बघितलंच नव्हतं. कपॅसिटर मी जपून ठेवलाय, हवा असेल तर देते.

हे वाचून झालं की संध्याकाळी डब्बा लावा. मी असेन. या वेळी माइक चालू ठेवेन, पण आधी मी बोलणार नाही. तुम्हाला अजून माझ्याशी खेळायचं असेल तर हॉर्न दोनदा वाजवा.